वीस हजार व्याख्यानं आणि एक तक्रार: बर्कलीचं कॅप्शन प्रकरण

प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून उभे आहेत. कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीवर. ‘आता हे इथून उचललं आणि तिकडे नेलं, की हे सगळं उडतं, आपल्याकडे फक्त हा राहतो,’ असं म्हणत ते खडूनं एक पद खोडतात. ऐकू येणाऱ्याला आवाज आणि खडू यांची सांगड आपोआप लागते. ऐकू न येणाऱ्याला दिसते ती पाठ. ओठ दिसत नाहीत, आणि दिसले असते तरी नुसत्या ओठांवरून बीजगणित कुणाला समजत नाही. पडद्यावर खाली कॅप्शनची ओळ असेल तर निदान शब्द तरी हाती लागतात. नसेल तर एक माणूस तासभर फळ्यावर लिहितो आणि पुसतो, एवढंच.

मी शैक्षणिक व्हिडिओंना कॅप्शन घालायचं आणि मशीननं घातलेली कॅप्शन तपासायचं काम करते, त्यामुळे हे दृश्य माझ्या रोजच्या ओळखीचं आहे. या कामातली माणसं भेटली की एक प्रकरण हमखास निघतं: अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेनं २०१७ साली वीस हजारांवर व्याख्यानं लोकांसाठी बंद केली, ते. बहुतेक वेळा ते एका वाक्यात उरकलं जातं, ‘कर्णबधिरांनी तक्रार केली आणि सगळ्यांचंच गेलं.’ हे वाक्य मला फार खुपतं. प्रकरण पहिल्यापासून लावून पाहिलं की ते टिकत नाही.

आधी काय होतं

बर्कली हे सरकारी विद्यापीठ. वर्गातली व्याख्यानं कॅमेऱ्यानं मुद्रित करून जशीच्या तशी इंटरनेटवर ठेवायची, जगात कुणीही पाहावीत, फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, असा तिथला उपक्रम होता. २००७ पासून ही व्याख्यानं यूट्यूबवर आली, ॲपलच्या ‘आयट्यून्स यू’ या शैक्षणिक सेवेवरही होती. २०१२ मध्ये बर्कली ‘एडएक्स’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमात सामील झालं. एखाद्या नामवंत प्राध्यापकाचा अख्ख्या सत्राचा वर्ग घरबसल्या ऐकता येणं ही तेव्हा केवढी नवलाई होती, हे आज सांगून पटणार नाही.

इथं थोडं मागं जायला हवं. इंटरनेट सुरुवातीला अक्षरांचं होतं आणि म्हणून ते कर्णबधिरांना मानवलं. त्याआधी टेलिफोननं त्यांना जवळजवळ नव्वद वर्षं बाहेर ठेवलं होतं. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेक्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञानं टेलिफोनचा रिसीव्हर रबरी वाट्यांत बसवून, त्यातून टाइप केलेली अक्षरं आवाजाच्या रूपानं तारेवर पाठवायची युक्ती काढली, तेव्हा कुठं ते दार किलकिलं झालं. पुढं ईमेल आला आणि फोनची गरजच कमी झाली. इंटरनेटचा पाया असलेल्या टीसीपी-आयपीच्या दोन जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांना स्वतःला लहानपणापासून कमी ऐकू येतं. ईमेल त्यांना का आवडतो हे वेगळं सांगायला नको. मग वेग वाढला, व्हिडिओ आला, आवाज आला. जगाच्या दृष्टीनं ही प्रगतीच. कर्णबधिर माणसाच्या दृष्टीनं मात्र जे माध्यम पूर्ण कळत होतं, तेच हळूहळू मुकं होत गेलं. बर्कलीची व्याख्यानं नेमकी या वळणावर आली.

तक्रार

ऑक्टोबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’नं न्याय खात्याकडे तक्रार नेली. ही संघटना १८८० पासूनची. तक्रार तिच्या दोन सभासदांच्या वतीनं होती. दोघंही वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट विद्यापीठात काम करणारे. कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाला पदव्या देण्याचा अधिकार १८६४ साली, लिंकनच्या सहीनं मिळाला. म्हणजे तक्रारदार कर्णबधिर होते, शिकलेले होते, शिक्षणाच्याच क्षेत्रातले होते. त्यांना ही व्याख्यानं पाहायची होती आणि पाहता येत नव्हती. मागणी एवढीच: कॅप्शन द्या. व्हिडिओ काढून टाका, असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

कायद्याचा आधार अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याचा. त्याचा दुसरा भाग सरकारी संस्थांना लागू होतो: संस्था जी सेवा लोकांना देते, ती अपंग व्यक्तीलाही तितक्याच परिणामकारकपणे मिळायला हवी. अवाजवी आर्थिक किंवा प्रशासकीय बोजा पडत असेल तर सूट आहे, पण तो बोजा संस्थेनं दाखवून द्यावा लागतो.

न्याय खात्यानं तपास केला आणि ३० ऑगस्ट २०१६ च्या पत्रात निष्कर्ष कळवले. बऱ्याच व्हिडिओंना कॅप्शन नव्हती. ज्यांना होती, त्यांतल्या अनेकांची मशीननं केलेली आणि चुकांनी भरलेली. अंध वाचकांच्या अडचणीही निघाल्या, मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला न वाचता येणारे दस्तऐवज, फिक्या रंगातला मजकूर वगैरे. अवाजवी बोजा पडेल हे विद्यापीठानं सिद्ध केलेलं नाही, असंही खात्यानं नोंदवलं.

या टप्प्यावर एक युक्तिवाद पुढं येतो, आणि तो अगदी भल्या माणसांकडूनही येतो: फुकट दिलेल्या वस्तूबद्दल तक्रार कसली? मला वाटतं यात एक गफलत आहे. व्याख्यानं फुकट होती ती पाहणाऱ्याला. ती बनली होती सार्वजनिक संस्थेत, सार्वजनिक आधारावर, आणि ‘सर्वांसाठी खुली’ या नावानं विद्यापीठानं त्यांचं कौतुकही करून घेतलं होतं. सर्वांसाठी म्हटल्यावर ज्याला वगळलं गेलं तो विचारणारच.

‘पण कॅप्शन तर आपोआप येते ना?’

या प्रकरणाचं मर्म मला इथं दिसतं, म्हणून जरा थांबते.

यूट्यूबनं नोव्हेंबर २००९ मध्ये आपोआप कॅप्शन सुरू केली. त्या कामात पुढाकार होता गुगलमधल्या केन हॅरेनस्टीन या कर्णबधिर अभियंत्याचा. आपल्याला स्वतःला जे हवं होतं तेच त्यांनी घडवलं, आणि त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. काहीच नसण्यापेक्षा ते खूप बरं होतं. पण संस्थांनी त्याचा अर्थ ‘आता आपलं काम संपलं’ असा लावला, आणि तिथं घोळ झाला.

साधा हिशेब करू. व्याख्याता मिनिटाला दीडशे शब्द बोलतो असं धरा. पन्नास मिनिटांत साडेसात हजार शब्द झाले. मशीन ९५ टक्के अचूक आहे असं समजा. ऐकायला केवढा चांगला आकडा! तरी ३७५ शब्द चुकले. मिनिटाला सात-आठ. आणि चुका सारख्या पसरत नाहीत. ‘आणि’, ‘म्हणून’, ‘बघा’ हे शब्द मशीन सहसा बरोबर पकडतं. चुकतात ती विशेषनामं, पारिभाषिक संज्ञा, सूत्रातली अक्षरं. म्हणजे ज्यासाठी माणूस व्याख्यान ऐकायला बसला तेच.

इंग्रजीत ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ घाईत बोलले तर कानालाही सारखे वाटतात. ऐकणारा संदर्भानं सावरून घेतो, व्याख्यात्याची मान नकारार्थी हलते, सूर बदलतो. कॅप्शन वाचणाऱ्यापुढे फक्त ‘कॅन’ येतं. ‘हे औषध या रुग्णाला देता येतं.’ चूक आहे हे त्याला कळायचं कसं? ऐकू येणाऱ्याला कॅप्शनची चूक लगेच दिसते, कारण त्याच्याकडे ताडून पाहायला आवाज आहे. ज्याच्यासाठी ती कॅप्शन आहे, त्याच्याकडे नेमकं तेच नाही. म्हणून तर ऐकू येणारे लोक मशीनच्या कॅप्शनकडे बघून ‘ठीक आहे की’ म्हणतात. ते वाचत कमी असतात आणि ऐकत जास्त.

त्या काळच्या मशीनच्या कॅप्शनमध्ये विरामचिन्हं नसत. वाक्य कुठं संपलं, प्रश्न होता की विधान, कशाचाच पत्ता नाही. बोलणारा बदलला तरी ओळ पुढं चालूच. विद्यार्थी मागून काही विचारतो, त्याच्यापुढे माइक नसतो, मग पडद्यावर काहीच येत नाही; प्राध्यापक एकदम ‘नाही, ऋण, कारण दिशा उलटी आहे’ असं म्हणतात आणि वाचणारा चक्रावतो. चांगली कॅप्शन करणारी व्यक्ती अशा जागी थांबते, आवाज वाढवून चार वेळा ऐकते, प्रश्न लिहून काढते. नाहीच कळला तर ‘(विद्यार्थ्याचा प्रश्न, ऐकू आला नाही)’ असं तरी लिहिते. त्या कंसातल्या पाच शब्दांनी वाचणाऱ्याला कळतं की गोंधळ आपल्या समजुतीत नाही, मुद्रणात आहे.

अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं २०१४ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅप्शनसाठी चार कसोट्या घातल्या: शब्द अचूक हवेत, आवाजाच्या वेळेशी जुळायला हवेत, कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत हव्यात, आणि पडद्यावरच्या महत्त्वाच्या गोष्टी झाकणाऱ्या नकोत. नियम दूरचित्रवाणीचे असले तरी कुठलाही व्हिडिओ तपासताना मी याच चार बोटांवर मोजते. चौथीकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. फळ्यावरची शेवटची ओळ नेहमी तळाशी असते आणि कॅप्शनही तळाशीच बसते.

आणखी एक गोष्ट, जी ऐकणाऱ्या जगाच्या लक्षात येत नाही. अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. तिला स्वतःचं व्याकरण आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेबाबत हे विल्यम स्टोको यांनी १९६० साली, गॅलॉडेटमध्येच शिकवत असताना मांडलं. अशा माणसासाठी इंग्रजी कॅप्शन म्हणजे दुसऱ्या भाषेतलं वाचन. दुसऱ्या भाषेत वाचताना चुकीचा शब्द दुरुस्त करून घेणं किती अवघड असतं, हे परक्या भाषेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांत, म्हणजे अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या निकषांत, डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० मध्ये, मुद्रित व्हिडिओला कॅप्शन देणं सर्वांत खालच्या, म्हणजे किमान पायरीवर आहे. सांकेतिक भाषेतला अनुवाद सर्वांत वरच्या पायरीवर. बर्कलीच्या तक्रारदारांनी त्या वरच्या पायरीचं काही मागितलं नव्हतं. ते तळाची पायरी मागत होते.

विद्यापीठाची बाजू

ती खोटी नव्हती, हेही म्हणायलाच हवं. वीस हजार व्याख्यानं. प्रत्येक सरासरी तासाभराचं धरलं तर वीस हजार तास. एका माणसानं वर्षाला दोन हजार तास काम करून ती नुसती एकदा ऐकायची म्हटली तरी दहा वर्षं लागतील. लिहिणं, वेळ जुळवणं, संज्ञा तपासणं त्याच्या पुढचं. तासाभराच्या तांत्रिक व्याख्यानाला नीट कॅप्शन करायला मला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. विद्यापीठाला आर्थिक ओढाताण होती. २०१५ मध्येच त्यांनी नवी व्याख्यानं बाहेरच्या लोकांना उघडी ठेवणं थांबवलं होतं.

पण हा डोंगर एका रात्रीत उभा राहिला नव्हता. कायदा १९९० चा, वेबचे निकष २००८ चे. दर आठवड्याला वर्ग व्हायचे, दर आठवड्याला व्हिडिओ चढायचे, आणि दर आठवड्याला कॅप्शन मागं राहायची. ताज्या व्याख्यानाची कॅप्शन करणं तुलनेनं सोपं असतं: प्राध्यापकांची टिपणं हाताशी असतात, एखादा शब्द कळला नाही तर त्यांना विचारता येतं, वर्गातले विद्यार्थीही मदत करतात. सात-आठ वर्षांनी तेच व्याख्यान उघडलं तर प्राध्यापक निवृत्त झालेले, टिपणं हरवलेली आणि मुद्रणात खरखर. काम तेच, श्रम कितीतरी जास्त. थकत गेलेल्या देण्याचं असंच होतं. मात्र हे देणं थकवलं विद्यापीठानं आणि बिल फाटलं तक्रारदारांच्या नावावर. माझी या प्रकरणातली खरी तक्रार ही आहे.

निर्णय

१ मार्च २०१७ रोजी विद्यापीठानं जाहीर केलं की १५ मार्चपासून ही जुनी मुद्रणं लोकांच्या नजरेआड जातील. विद्यापीठाच्या खात्यानं लॉगिन करणाऱ्यांनाच ती दिसतील. कारणं तीन दिली: सुगम्यतेचा खर्च, प्राध्यापकांच्या बौद्धिक संपदेचं संरक्षण, आणि जुन्या मुद्रणांचा कमी वापर. नवी निर्मिती मात्र पहिल्यापासून सुगम्य करू, असंही म्हटलं.

बातमी पसरली ती पहिल्या कारणासह. बाकीची दोन कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. लोक हळहळले, आणि ते स्वाभाविक होतं. दूरच्या देशात बसून या व्याख्यानांवर शिकलेली कितीतरी माणसं होती. पण राग वळला कर्णबधिरांवर. आपल्याला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू देत नाहीत, असं त्यांच्याबद्दल बोललं गेलं. ज्यांना ही व्याख्यानं एक दिवसही मिळाली नव्हती, त्यांच्यावर ती हिरावून घेतल्याचा आरोप! काढून टाकण्याचा निर्णय त्यांचा नव्हता, न्याय खात्याचाही नव्हता. पत्रात मागितली होती ती सुधारणा आणि वगळल्या गेलेल्यांना भरपाई.

हे बर्कलीत घडावं याचं मला अधिक वाईट वाटतं. पोलिओमुळे मानेखालचं शरीर लुळं पडलेले, श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेले एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये याच विद्यापीठात शिकायला आले. राहायला जागा नव्हती म्हणून विद्यापीठाच्या रुग्णालयात राहिले. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या झगड्यातून १९७२ मध्ये बर्कलीतच स्वतंत्र जगण्याचं पहिलं केंद्र उभं राहिलं. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीत त्या गावाचं नाव आजही आदरानं घेतलं जातं.

दुसरा रस्ता होता का?

होता, आणि त्याच काळात तो इतरत्र आखला गेला. ‘नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ’ याच संघटनेनं फेब्रुवारी २०१५ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावर अशाच कारणासाठी दावे लावले. ती खासगी विद्यापीठं. सुरुवातीला लढली, पण २०१९ च्या अखेरीस हार्वर्डनं आणि २०२० च्या सुरुवातीला एमआयटीनं तडजोड केली. त्या तडजोडीतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नवीन व्हिडिओला कॅप्शन असलीच पाहिजे. पण जुन्या ढिगापैकी बऱ्याच व्हिडिओंबाबत, कुणी मागितली की ठरलेल्या मुदतीत द्यायची. म्हणजे वीस हजार तासांचा डोंगर एकदम फोडायची गरज नाही. ज्याला जे शिकायचंय ते तो मागेल, तेवढं करा. बाकीचं जिथं आहे तिथं राहू द्या.

त्याआधी २०१२ मध्ये नेटफ्लिक्सनं याच संघटनेशी समझोता करून दोन वर्षांत सगळ्या चित्रपट-मालिकांना कॅप्शन द्यायचं मान्य केलं होतं. तिथंही आधी ‘हे शक्य नाही’ असाच सूर होता. आज ऐकू येणारी माणसंसुद्धा कॅप्शन लावूनच मालिका बघतात.

बर्कलीनं अशी मुदत मागितली असती, मागेल त्याला देऊ म्हटलं असतं, तर न्याय खात्यानं काय केलं असतं हे आता सांगता येणार नाही. पण बंद करण्यापूर्वी वाटाघाटीला जागा होती एवढं नक्की.

पुढं

नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्यानं बर्कलीशी झालेला समझोता जाहीर केला. पुढची सगळी ऑनलाइन सामग्री आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्या सामग्रीपैकी बहुतेक सगळी सुगम्य करायची. धोरण बदलायचं, संबंधितांना प्रशिक्षण द्यायचं, वेब-सुगम्यतेसाठी एक समन्वयक नेमायचा, बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडून तपासणी करून घ्यायची. पहिल्या तक्रारीला तेव्हा आठ वर्षं झाली होती. २०१४ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षात असलेला कर्णबधिर विद्यार्थी एव्हाना शिकून नोकरीला लागला असेल, त्या व्याख्यानांशिवाय.

आणि ती वीस हजार व्याख्यानं? १५ मार्च २०१७ पूर्वीच ‘एलबीआरवाय’ नावाच्या एका व्यासपीठानं त्यांच्या प्रती करून घेतल्या आणि पुन्हा लोकांपुढे ठेवल्या. ज्ञान वाचवल्याबद्दल त्याचं खूप कौतुक झालं. ऐकू येणाऱ्यांना त्यांची व्याख्यानं परत मिळाली. ज्या मुद्रणांना मुळात कॅप्शन नव्हती, त्यांना तिथंही नव्हती.